अपघातानंतरचा अपघात

पोर्शे प्रकरण पुण्याचं म्हणून ओळखलं जातं. त्यातल्या बिल्डर बापाला मात्र पोलिसांनी उचललं ते छत्रपती संभाजीनगरातून, २१ मे २०२४ च्या पहाटे. कल्याणीनगरात त्याच्या मुलाच्या गाडीने दोघांना उडवलं, त्याला तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. त्या दोन दिवसांत एका अल्पवयीन पोराचा गुन्हा अख्ख्या घराचा गुन्हा होऊन बसला.

पोलिसांच्या घरात हे प्रकरण वेगळ्या नजरेने वाचलं जातं. संभाजीनगरच्या कुठल्याही ठाण्यात एकटीने मूल वाढवणारी एखादी हवालदार बाई सापडतेच. नवरा खात्यात होता, नोकरीत असतानाच गेला आणि तिला अनुकंपा तत्त्वावर भरती मिळाली. कागदावर महिला पोलिसांची ड्युटी २०२२ पासून आठ तासांची झाली, पण गणपती, मोर्चे आणि निवडणुकांच्या बंदोबस्ताला घड्याळ नसतं. मूल शेजारणीच्या भरवशावर, डब्यावर आणि मोबाइलवर मोठं झालेलं असतं. अशा बाईच्या मुलाचं नाव उद्या एखाद्या फिर्यादीत आलं तर? गुन्हा कधी दाखल होतो, मेडिकल कधी होतं, लोकेशन कसं काढतात, हे तिला पाठ असतं. पुरावा बदलण्याचं जे काम, आरोपानुसार, बिल्डर बापाला पैसे मोजून करावं लागलं, ते तिला नुसत्या ओळखीवर करता येईल. म्हणून पुढचा घटनाक्रम तिच्या जागी उभं राहून वाचावा. खटला अजून चालू आहे आणि आरोप पोलिसांचे आहेत, हे मात्र ध्यानात ठेवून.

शनिवार, १८ मे २०२४, रात्री १०.४०. बापाच्या अटकेला सुमारे ५३ तास बाकी.

बारावीचा निकाल लागला आहे. मुंढव्यातल्या एका पबमध्ये मित्रांची मैफल जमली आहे. मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा. महाराष्ट्रात बियरला वयाची अट २१ वर्षं, बाकी दारूला २५. तरीही पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, या टेबलावर दीड तासात ४८ हजारांचं बिल झालं. मध्यरात्रीनंतर टोळकं दुसऱ्या पबकडे वळलं.

बाहेर उभी असलेली पोर्शे इलेक्ट्रिक आहे, कोट्यवधींची. तिला नंबरप्लेट नाही. नोंदणीसाठी भरायचे राहिलेले पैसे होते १,७५८ रुपये. चालवणाऱ्याकडे परवाना नाही, आणि वयच बसत नसल्याने असण्याचा प्रश्नही नाही.

इथपर्यंत प्रकरण पालकांच्या ढिलाईचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वर्षभरासाठी गाडीची नोंदणी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ठाण्यात काम करणाऱ्या आईला हे कलम माहीत असतं. तरी स्कूटीची चावी घरातल्या खिळ्यावरच लटकत असते, कारण क्लासला सोडायला दुसरं कोणी नसतं.

रविवार, १९ मे, पहाटे २.३० च्या सुमारास. सुमारे ४९ तास.

कल्याणीनगर. भरधाव पोर्शे एका मोटरसायकलला धडकते. दुचाकीवरचा तरुण आणि तरुणी, दोघंही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले संगणक अभियंते, दोघंही चोविशीचे. दोघंही ठार. जमलेले लोक गाडी चालवणाऱ्या मुलाला गाडीतून ओढून बाहेर काढतात, चोपतात आणि पोलिसांच्या हवाली करतात. गाडीत घरचा पगारी चालकही आहे.

रात्रपाळीचे दोन अधिकारी घटनास्थळी पोहोचतात, पण कंट्रोल रूमला वेळेत कळवत नाहीत आणि वरिष्ठांनाही सांगत नाहीत. पाच दिवसांनी त्याच कारणावरून दोघं निलंबित होतात. पोलीस खात्यात ‘कंट्रोलला सांगितलं’ हे नुसतं कळवणं नसतं. वेळ तिथे नोंदली जाते आणि एकदा नोंदलेली वेळ मागे घेता येत नाही. ज्याला वेळ हवी असते तो पहिल्यांदा हीच नोंद लांबवतो.

सकाळी ८ च्या सुमारास. सुमारे ४४ तास.

येरवडा ठाण्यात गुन्हा दाखल होतो. सुरुवातीला कलम ३०४ अ, म्हणजे हयगयीने मृत्यू. पुढे ३०४, म्हणजे सदोष मनुष्यवध. हे सगळं भारतीय दंड संहितेतलं, नवीन न्याय संहिता १ जुलैपासून लागू व्हायची होती.

या घटकेला घरच्यांना एक गोष्ट कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवी होती. बाल न्याय कायदा २०१५ नुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा तर गुन्हा ‘घृणास्पद’ या वर्गातला लागतो, आणि त्या वर्गात किमान शिक्षाच सात वर्षांची असावी लागते. ३०४ ला कमाल शिक्षा मोठी आहे, पण किमान ठरवलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला होता. म्हणजे सगळा दोष सिद्ध झाला तरी या मुलाला बाल न्याय मंडळाकडून जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात राहावं लागलं असतं. पोलीस अशा मुलाला ‘आरोपी’ म्हणत नाहीत, ‘विधीसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांत मंडळापुढे उभं करावं लागतं आणि पालकांना तातडीने कळवावं लागतं. फुकट वकील मिळण्याचा हक्कही त्याला आहे.

मुलासाठी दार आधीच उघडं होतं. घरचे भिंत फोडायला निघाले.

सकाळी ११. सुमारे ४१ तास.

ससून रुग्णालय. मुलाचं रक्त घेतलं जातं. अपघात होऊन साडेआठ तास उलटले आहेत. माणसाच्या रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने उतरते. साडेआठ तासांत सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास निघून जाते, आणि गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. नुसत्या उशिरानेच निम्मं काम झालं होतं.

पोलिसांचा आरोप आहे की तेवढ्यावर कोणी थांबलं नाही. मुलाच्या रक्ताचा नमुना कचऱ्याच्या डब्यात टाकला गेला. त्याच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्याच रक्ताच्या नमुन्यावर लागली, आणि ते रक्त त्याच्या आईचं होतं. गाडीत मागे बसलेल्या मित्रांच्या नमुन्यांचीही अशीच अदलाबदल झाल्याचा आरोप पुढे ठेवला गेला. न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख, एक वैद्यकीय अधिकारी आणि एक शिपाई २७ मे रोजी अटकेत गेले. या कामासाठी तीन लाख रुपये दिल्याचं पोलिसांनी सांगितलं.

हे खरं ठरलं तर त्या खोलीत एका आईने दंडाची बाही वर सरकवली, सुई टोचून घेतली आणि बाटलीवर मुलाचं नाव लिहिलं गेलं. आरोप वाचून चीड येते. पण रक्त मागितल्यावर हात पुढे न करणारी आई विरळाच, आणि भीती नेमकी तिथेच आहे. आईपण आणि पुरावा नष्ट करणं या दोन गोष्टी एकाच सुईत आल्या.

सात वर्षं आधीची मे महिन्याचीच एक रात्र

इथे थोडं मागे जाऊन मुंबईत एका पोलिसाच्याच घरात घडलेली घटना बघावी लागते. मंगळवार, २३ मे २०१७. शीना बोरा हत्येच्या तपास पथकात काम केलेले एक पोलीस निरीक्षक रात्री उशिरा ड्युटी संपवून सांताक्रूझच्या घरी येतात. दाराला कुलूप. बायको फोन उचलत नाही, मुलगाही नाही. मध्यरात्रीनंतर दार उघडतं तेव्हा आत बायकोचा खून झालेला, फरशीवर रक्ताने लिहिलेला मजकूर, आणि एकवीस वर्षांचा मुलगा गायब.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात पंचनामे केलेल्या माणसाच्या घरात आता पंच बोलावले गेले. वाकोला ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि संशय मुलावर गेला. बापाच्याच खात्यातल्या माणसांनी माग काढला आणि दोन दिवसांनी, २५ मे रोजी, मुलगा जोधपूरला सापडला. एका रात्रीत तो अधिकारी विधुर झाला, फिर्यादीच्या बाजूचा झाला आणि संशयिताचा एकटा पालकही झाला. या तिन्ही भूमिका एका माणसाने एकत्र कशा निभवायच्या, याचं कुठल्याही पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिक्षण मिळत नाही. नियम फक्त एवढंच सांगतो की तपासाला हात लावायचा नाही.

१९ मे, संध्याकाळ. सुमारे ३४ तास.

पुण्यात रविवारच्या सुट्टीत बाल न्याय मंडळाचे एक सदस्य सुनावणी घेतात. मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची विनंती मान्य होत नाही. साडेसात हजारांचा जातमुचलका आणि आजोबांची हमी यावर जामीन मिळतो. अटी अशा: पंधरा दिवस आरटीओत वाहतुकीचे नियम शिकायचे आणि रस्ते अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा.

अपघाताला पंधरा तास झाले होते. घरच्यांना वाटलं असेल, सुटलो. खरं तर त्याच संध्याकाळी पोलिसांनी संशय म्हणून औंधच्या जिल्हा रुग्णालयात मुलाचा दुसरा नमुना घेऊन ठेवला होता. दोन रुग्णालयांतल्या दोन बाटल्या एकाच नावाच्या, आणि डीएनए वेगवेगळा. ससूनमधली सगळी करामत या दुसऱ्या बाटलीपुढे निरर्थक झाली. पोलीस आईला हे आधीच कळलं असतं: पुरावा एका जागी कधीच नसतो. सीसीटीव्ही असतो, बिल असतं, फोनचे टॉवर असतात. एक खोटं टिकवायचं तर उरलेल्या प्रत्येक जागी नवं खोटं पेरावं लागतं.

रात्री ११ च्या सुमारास. सुमारे २९ तास.

नवं खोटं शोधायला लांब जावं लागलं नाही. पगारी चालकाने ‘गाडी मीच चालवत होतो’ म्हणावं, असा दबाव आल्याचं पोलीस सांगतात. तो ठाण्यातून निघाला तसा त्याला बंगल्यावर नेऊन डांबून ठेवल्याचा गुन्हा पुढे बाप आणि आजोबा दोघांवर दाखल झाला. २५ मे रोजी आजोबाही अटकेत गेले.

तोपर्यंत निबंधाची बातमी देशभर पसरली होती. तीनशे शब्द हा आकडा लोकांच्या संतापाचा विषय झाला. बाल न्याय कायद्याचा हेतू, सुधारणेची संधी, हे सगळं त्या आकड्याखाली गाडलं गेलं. याचा फटका पुढे अशा प्रत्येक गरीब पोराला बसतो ज्याच्यासाठी हा कायदा केला होता.

सोमवार, २० मे. पंधरा-वीस तास.

बापावर गुन्हा दाखल होतो: बाल न्याय कायद्याची कलमं ७५ आणि ७७, जोडीला मोटार वाहन कायदा. ७५ म्हणजे मुलाची हेळसांड, ७७ म्हणजे मुलाला नशेचा पदार्थ मिळू देणं. वकील घेऊन ठाण्यात हजर राहता आलं असतं. तो पुण्यात सापडत नाही. पोलिसांची दिशाभूल व्हावी म्हणून वेगवेगळ्या गाड्यांचा वापर झाल्याचं तपासात पुढे आलं.

तो स्वतः ज्या दिशेने गेला तो रस्ता मराठवाड्यातल्या माणसाला झोपेतही ओळखता येईल. शिरूर, नगर, मग वाळूजच्या कंपन्यांचे दिवे, नगर नाका, आणि शहर. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास. संभाजीनगर हे लपण्यासाठी कच्चं ठिकाण आहे. लॉजवाला ओळखपत्र मागतो, रजिस्टरला नाव चढतं, पोलीस ते रजिस्टर तपासतात. शिवाय इथलं लोकसभेचं मतदान १३ मे रोजी उरकल्याने बंदोबस्तातून मोकळं झालेलं खात्याचं मनुष्यबळ ठाण्यांत परतलं होतं.

मंगळवार, २१ मे, पहाट. शून्य तास.

लॉजवर पोलीस पोहोचतात. बाप ताब्यात. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस पुण्यात येऊन पोलीस आयुक्तालयात बैठक घेतात. २२ मे रोजी मंडळ आपला आधीचा आदेश बदलून मुलाची निरीक्षणगृहात रवानगी करतं. १ जूनला आईला अटक होते.

एकाच घरातले आजोबा, आई आणि बाप अटकेत गेले. दोन मृतांची घरं मध्य प्रदेशात उजाड झाली ती वेगळीच. त्या नुकसानीला कुठलंही कलम पुरं पडत नाही.

हिशेब

पुढच्या तारखा पाहिल्या की या दोन दिवसांतली सगळी धावपळ किती फुकट होती ते दिसतं. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्याचे आदेश बेकायदा ठरवले आणि त्याला सोडलं. ताबा दिला आत्याकडे, कारण तेव्हा आई, बाप, आजोबा तिघंही अडकलेले होते. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी फेटाळली. म्हणजे रक्त बदलून जे मिळवायचं होतं, ते कायद्याने रक्त न बदलताच दिलं. आईला सर्वोच्च न्यायालयातून अंतरिम जामीन मिळायला एप्रिल २०२५ उजाडला. बाप तेव्हाही आतच होता. कोठडीचे दिवस मोजले तर मुलापेक्षा आई-बापाचे कितीतरी जास्त भरतात.

यामागे कायद्याची एक बाजू आहे जी पोलिसांच्या घरातही फारशी बोलली जात नाही. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमात, मग ते दंड संहितेतलं २१२ असो वा न्याय संहितेतलं २४९, सूट आहे ती फक्त नवरा-बायकोला. नवऱ्याला दडवलं म्हणून बायकोवर ते कलम लागत नाही. आईने मुलाला दडवलं तर लागतं. साक्षीच्या कायद्यातही तसंच. नवरा-बायकोतलं बोलणं उघड करायला कोणी भाग पाडू शकत नाही, पण मायलेकरांतल्या बोलण्याला असं कुठलंही संरक्षण नाही. पोराने रात्री रडत कबूल केलेली गोष्ट उद्या आईला साक्षीच्या पिंजऱ्यात सांगावी लागू शकते. एकट्या आईच्या घरात तर ती कबुली ऐकायला दुसरं माणूसच नसतं.

आणि ती आई खात्यात असेल तर कायदा आणखी कडक होतो. कुणाला वाचवण्यासाठी सरकारी कागदावर खोटी नोंद करणं हा लोकसेवकासाठी स्वतंत्र गुन्हा आहे, दंड संहितेत त्याला कलम २१८ होतं. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित झाला असं नियमच धरून चालतो. मुलाने गुन्हा केला म्हणून आईची नोकरी जात नाही. आईने स्टेशन डायरीतली वेळ पुढे-मागे केली, मुद्देमालाला हात लावला, ओळखीच्या डॉक्टरला फोन केला, की जाते. आणि तिच्या पगारावर चाललेलं घर त्याच दिवशी बसतं. मग त्या पोराचा जामीनदार कोण, निरीक्षणगृहाच्या दाराशी त्याला घ्यायला येणार कोण? पुण्यात आत्या होती. प्रत्येकाला आत्या असतेच असं नाही.

कोणी म्हणेल, असं थंड डोक्याने पोटच्या पोराकडे कोण बघणार? खरं आहे. पण थंड डोकं बाजारात विकत मिळत नाही म्हणून तर वकील असतो आणि विशेष बाल पोलीस पथक असतं. पोलीस आईला हे सगळे फोन नंबर तोंडपाठ असतात, तिने दुसऱ्यांच्या पोरांसाठी ते कित्येकदा लावलेले असतात. पोरासोबत ठाण्यापर्यंत चालत जाणं, मंडळापुढे त्याच्या शेजारी उभं राहणं, मेलेल्यांच्या घरच्यांपुढे मान खाली घालणं, हे आईचंच काम आहे आणि ते दुसरं कोणी करू शकत नाही. पुरावा सांभाळणं हे मात्र तिचं काम नाही, मग अंगावर वर्दी असो वा नसो.

म्हणून क्रम साधा आहे. कळल्याच्या पहिल्या मिनिटाला एक फोन कंट्रोलला, दुसरा वकिलाला. तिसरा कुणालाच नाही.